दादाचं पॅकेज अजून चालतंय

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय आणि गेल्या शनिवारी संध्याकाळी, त्याच्याच घरात, मी माझ्या कानांनी ऐकलंय.

दादा आणि मी एकाच ऑफिसात प्रोग्रामर. कामगारांच्या पाळ्या लावायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. तोच तो कोड प्रत्येकजण नव्यानं लिहीत बसायचा. म्हणून दादानं तो सगळा एकत्र करून स्वतःचं पॅकेज बनवलं. आपल्या प्रोग्राममध्ये एका ओळीत ते बोलवायचं, की आतला सगळा तयार कोड कामाला लागायचा. हे त्यानं घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर केलं. समोरचं जेवण थंड व्हायचं.

मग एका दुपारी ऑफिसातच त्याच्या छातीत दुखलं.

संपलं.

साहेबांनी फुलं पाठवली. ती सुकायच्या आत मला बोलावून सांगितलं, पॅकेजवरून दादाचं नाव काढ, कंपनीचं टाक. मी साफ नाही म्हटलं. मग त्यांनी स्वतःच दादाचं पॅकेज सगळीकडून उडवलं आणि नाव बदललेली नक्कल बसवली.

आणि मग...

पॅकेजमधल्या चुका आपोआप दुरुस्त व्हायला लागल्या.

सकाळी कुणीतरी कुरकुरायचं, सुट्टीचा दिवस चुकतोय. दुपारी तो बरोबर. कोणी केलं विचारलं, तर सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

शेवटी मी कॉम्प्युटरलाच विचारलं, हे पॅकेज येतंय कुठून? स्क्रीनवर पत्ता आला...

दादाच्या लॅपटॉपवरचा फोल्डर.

तो लॅपटॉप दादाच्या घरी कपाटात होता. बॅटरी फुगली म्हणून मीच ती काढून टाकली होती.

साहेबांना दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. पण म्हणाले काय?

"चालतंय ना? मग हात लावू नकोस."

माणूस मेला, तरी फुकट राबतोय. यांच्या बापाचं काय जातंय!

मी तडक दादाच्या घरी गेलो. वहिनीनं दार उघडलं आणि बाजूला झाली. आतल्या खोलीतून...

टक. टक टक.

कपाट उघडलं. लॅपटॉप मिटलेला. वायर नाही. बॅटरी नाही. हात लावला तर कडक तापलेला... आणि आतून कीबोर्डची टकटक चालूच.

"रोज असंच चालतं, भाऊजी," वहिनी म्हणाली.

मी तो फोडायला उचलला. तिनं माझा हात धरला. तिच्यापाशी तेवढाच दादा उरलाय.

मी तो परत कपाटात ठेवला. ती कपाटापुढे जमिनीवर बसली.

"अहो, बास करा आता. त्यांनी तुमचं नावसुद्धा पुसलंय."

टकटक थांबली...



मग पुन्हा सुरू झाली.

काल वहिनीचा फोन आला. आवाज आता दिवसरात्र येतो म्हणे. साहेबांनी त्याच पॅकेजच्या भरवशावर आणखी एक मोठं काम घेतलंय, हे मी तिला सांगितलं नाही.