दुसरी मोजणी

प्रयोगशाळेत ताकही फुंकून प्यायची रीत होती. एकदा चुकीचा आकडा कळवून तोंड पोळलं होतं, तेव्हापासून दोनदा मोजल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही. तिथे यंत्रावर काम करणाऱ्या आत्याने हा नियम इमानेइतबारे पाळला, आणि त्यानेच तिचा घात केला.

नवजात बाळांच्या टाचेतलं रक्त कागदी कार्डावर वाळून यायचं. चरबी नीट जाळता न येणाऱ्या बाळाच्या रक्तात अर्धवट जळलेली आम्लं साचतात. पोट रिकामं राहिलं की आणखी वाढतात. यंत्र ती मोजायचं. चार वर्षांपूर्वी एका शनिवारी तिच्या सख्ख्या भाच्याचा आकडा दहा आला; निरोगी बाळाचा एकाच्याही आत असतो. दुसरी मोजणी तिने सोमवारवर ठेवली. रविवारी बाळ गेलं. वहिनीने बोलणं टाकलं, आणि त्यात आत्याला काही वावगं वाटलं नाही.

यंत्र बरोबर मोजतंय ना, हे पाहायला रोज एक खात्रीचं आजारी रक्त लागतं. साहेबांनी भाच्याचंच कार्ड नेमलं. रोज सकाळी आत्या त्यातून वाळल्या रक्ताची एक टिकली पाडायची, यंत्राला लावायची. रोज दहा. जखमेवर मीठ, तेही सहीनिशी.

मग एका सकाळी बारा आले. दुसऱ्या दिवशी सोळा. तिसऱ्या दिवशी चोवीस. बाकीची कार्डं ठीक होती. दुरुस्तीवाला नळ्या बदलून गेला.

"यंत्र ठणठणीत आहे, बाई. तुमचं कार्डच बघा."

चार वर्षं वाळलेलं रक्त काय वाढणार? पण असे चढते आकडे तिने हजारदा पाहिले होते. उपाशी बाळाचे असतात.

"टाकून द्या ते कार्ड आजच," साहेब म्हणाले.

भाच्याचं तेवढंच उरलं होतं. विचारल्याशिवाय टाकायला तिचा हात धजेना. भरदुपारी तिने फोन लावला.

"वहिनी, मी बोलतेय."

"थांबा, वन्सं. पाजतेय."

मागे घुटके ऐकू येत होते. वहिनीला दुसरं मूल नव्हतं.

आत्याने फोन टेबलावर ठेवला, टिकली पाडली, यंत्राला लावली. तासभर गेला. घुटके चालूच होते.

आकडा आला. निरोगी बाळाचा.

"उतरला ना?" वहिनीने विचारलं.

"हो."

"नुसतं दर तीन तासांनी पाजायचं होतं. शनिवारी एवढं सांगायला काय झालं होतं, वन्सं?"

पलीकडे वहिनी कुणाची तरी पाठ थोपटत होती. मग बाळाने ढेकर दिला.