सर्व्हरने न पाठवलेली ओळ

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. पटलं तर ठेवा, नाहीतर सोडून द्या.

बुधवार. भर दुपारचे तीन. दवाखान्यातली तपासणीसाठी थांबायची खोली.

तिथल्या पडद्यावरचं पान मी बनवलं होतं. सर्व्हरकडून जेसॉन या साच्यात रुग्णांची यादी यायची, माझा जावास्क्रिप्ट भाषेतला कोड एकेक नाव पानावर मांडायचा, आणि डॉक्टर ते बघून हाक मारायचे.

त्या दुपारी सर्व्हरने सहा नावं पाठवली होती.

पडद्यावर... सात ओळी.

सातवीत नाव नव्हतं. फक्त वेळ, आठ चाळीस. आणि पुढे 'प्रतीक्षेत'.

कोड तपासला. जुना डेटा पुसला. शेवटी रिकामी यादी पाठवून पाहिली...

ती एक ओळ होतीच.

"आठ चाळीस?" सिस्टर पडद्याजवळ आल्या. "अगं, गेल्या बुधवारच्या त्या आजी! सगळ्यांच्या आधी नंबर लावला होता. संध्याकाळी बाकावरच गेलेल्या सापडल्या."

गेल्या बुधवारीच माझं पान सुरू झालं होतं.

मी त्या दिवसाचा कोड उघडला.

जावास्क्रिप्ट यादी शून्यापासून मोजतं. मी एकपासून सुरुवात केली होती. म्हणजे यादीतलं पहिलं नाव पडद्यावर येतच नव्हतं. मागचे तपासून जात राहिले, आजी पहिल्याच राहिल्या. दिवसभर. आणि दुसऱ्या दिवशी मी ती चूक 'किरकोळ दुरुस्ती' म्हणून गुपचूप मिटवली होती.

दवाखान्याचे साहेब म्हणाले, "ओळ लपव आणि गप्प बस. आजींनी नंबरच लावला नव्हता, असं त्यांच्या मुलीला कळवलंय आपण."

माझं डोकंच फिरलं.

"नाही लपवणार."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. चूक माझी आहे, मी सांगणार."

मुलीला मीच बोलावलं. सगळं सांगितलं. ती पडद्यासमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "आई, चल आता घरी."

मागचा रिकामा बाक... करकरला.

कुणी उठल्यासारखा नाही. आणखी नीट सरकून बसल्यासारखा.

माझ्या जागी आता दुसरा माणूस आहे. तो रोज ती ओळ काढतो म्हणे. रोज सकाळी आठ चाळीसला ती परत येते.

मला अजून भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण साहेबांनी स्वतःच्या तोंडाने अजून त्या मुलीला खरं सांगितलेलं नाही.

ते सांगेपर्यंत बसा, आजी. अजिबात उठू नका.