उजव्या हातमोज्याची दोन बोटं

पाकीट आलं तेव्हा नरहरी पुसदकर टेबल पुसत होते. अर्ध्या तासापासून ते एकच टेबल पुसत होते. निवेदिता तामस्करच्या ते लक्षात आलं होतं, पण दीड महिन्यापासून ती त्यांना असल्या बाबतीत काही म्हणत नव्हती.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर नरहरी ब्राह्मणपाऱ्यातल्या या दोन खोल्यांच्या कचेरीत टायपिंगला लागले, त्याला सहा वर्षं झाली. निवेदिता खाजगी तपासाची कामं घेते. खाजगी तपास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काय काय उभं राहतं, पण तिची शंभरातली नव्वद प्रकरणं विम्याची असतात. रायपूर राजधानी झालं, विमा कंपन्या वाढल्या, खोटे दावे वाढले आणि ते तपासणारी माणसं मात्र दोनच राहिली. त्यातला दुसरा सध्या मुलीच्या लग्नाच्या गडबडीत होता.

निवेदिताने पाकीट फोडलं, पहिलं पान वाचलं आणि कागद पालथे घातले.

"काका, हे मी परत पाठवते."

"काहून?"

तिने सांगितलं. दावा सचिन ढोमणेचा होता. मोटरसायकलच्या अपघातात खराब झालेलं त्याचं जॅकेट, हातमोजे, बूट आणि हेल्मेट, असा सगळा विमा उतरवलेला सरंजाम. अपघात दीड महिन्यापूर्वीचा, नवा रायपूरच्या रुंद रस्त्यावरचा. रविवारी सकाळी गाडी दुभाजकावर आदळली. गाडी सचिनची, पण पोलिसांच्या कागदावर चालवणारा गौतम पुसदकर, वय चोवीस, जागीच मृत. मागे बसलेल्या सचिनचं डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं.

गौतम हा नरहरींचा एकुलता एक मुलगा.

"राहू द्या," नरहरी म्हणाले. "काम आहे. टाइप कराले मले काय होते?"

आणि त्यांना खरोखरच काही होत नव्हतं. घास तोंडात घातला की चावायचा, ऊन लागलं की टोपी घालायची, असं त्यांचं चाललं होतं. रडूसुद्धा आलं नव्हतं. आत फक्त दोन शब्द होते आणि ते त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, बायकोलाही नाही. अपघाताच्या आदल्या दिवशी गौतम म्हणाला होता, सचिन गियरची गाडी शिकवतो म्हणतो, शिकू का? नरहरींनी पेपरातून मान वर न काढता म्हटलं होतं, शिकून घे. आपल्या मुलाला आपणच त्या गाडीवर बसवलं, एवढंच त्यांना कळत होतं.

आणखी एक गोष्ट होती. पोलिसांनी सही घेऊन परत दिलेली पिवळी पिशवी, गौतमच्या अंगावरच्या कपड्यांची. मयताच्या अंगावरचं घरात आणत नाहीत. महादेवघाटावर नदीत सोडायचं, तर तेही त्यांच्या हातून झालं नाही. मग ती पिशवी कचेरीच्या लोखंडी कपाटात तळच्या खणात गेली. तिची टेप अजून निघाली नव्हती, आणि त्या खणाची किल्ली निवेदिताने आपणहून नरहरींकडे दिली होती.

कंपनीची शंका सरळ होती. खांद्याजवळचं हाड मोडलेल्या माणसाला हात वर करता येत नाही, म्हणून इस्पितळात त्याचं जॅकेट कात्रीने कापून काढतात. दाव्यासोबतच्या फोटोंत सचिनचं जॅकेट फाटलेलं होतं, पण कापलेलं नव्हतं. म्हणजे अपघातात ते अंगात नव्हतंच, कुठलं तरी जुनं फाटकं दाव्यात खपवलंय.

सोबत नुकसानीचा तपशील होता. तो सचिनच्या वडिलांनी, गुलाबरावांनी लिहिला होता. सिंचन विभागातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेला माणूस. एकोणीस कलमं, सुवाच्य अक्षर, प्रत्येक पानावर सही. निवेदिता त्यातली दोन कलमं मोठ्याने वाचून हसली, दीड महिन्यात पहिल्यांदाच.

"कलम सात. उजवा हातमोजा, अंगठ्याजवळची दोन बोटे आतील बाजूने, मधल्या पेराशी आडवी फाटलेली. कलम अकरा. डावा बूट, चवड्यावरील रंग घासलेला, परंतु सदर नुकसान अपघातापूर्वीचे असल्याने दाव्यात धरू नये."

"गुलाबराव तसेच आहेत," नरहरी म्हणाले. "ऑडिटवाले त्यायले भ्यायचे."

पोलिसांचा फोटोही होता. दिवा फुटलेला, पुढचं चाक वाकलेलं, उजव्या मुठीपुढची ब्रेकची दांडी अर्ध्यात मोडलेली. नरहरींनी तो फाइलला टाचला आणि टाचणी नीट बसली की नाही तेवढं पाहिलं.

ढोमण्यांचं घर पंडरीला, कापडबाजाराच्या मागे. गुलाबराव दारात आले आणि नरहरींना पाहून बाजूला झाले. मग त्यांनी खुर्ची पुढे केली. निवेदिताने जॅकेटचं विचारलं तर ते मागच्या अंगणात दोरीवर होतं. घरात का नाही, असं तिने विचारलं, तेव्हा सचिनची आई पद्मिनीबाई नरहरींकडे न बघता म्हणाल्या की त्यावर सचिनचं नसलेलं रक्त होतं. दोनदा धुतलं, पण घरात घेतलं नाही. बूट-हातमोजे चामड्याचे, त्यांना पाणी लावलं नाही, ते तसेच कंपनीत दिले.

गुलाबराव हलक्या आवाजात सांगत राहिले. दाव्याला तीस दिवसांची मुदत होती, पोट्टा पडून होता, म्हणून आपणच कागद केले. सचिनची मंत्रालयात सहायक म्हणून निवड झाली होती. पोलीस पडताळणी परवाच संपली, सोमवारी रुजू व्हायचं होतं.

सचिन बाहेर आला. डावा हात झोळीत होता आणि उजवा त्याने त्याच झोळीच्या कापडाखाली सरकवला होता. घरच्यांशी मराठी ऐकायचं आणि हिंदीत उत्तर द्यायचं, ही इथल्या पोरांची सवय त्यालाही होती.

"दीदी, क्लेम वापस ले लेते हैं. पापा ने बिना पूछे डाल दिया."

"का रे? नुकसान तर झालंय ना?"

"मुझे नहीं चाहिए."

पोरगा चांगला आहे, असं नरहरींना वाटलं. मित्र गेला आणि आपण जॅकेटचे पैसे घ्यायचे, हे त्याला सोसत नसेल. पद्मिनीबाईंनी आणलेला चहा त्याच्यासमोर निवत होता. तो कपाला हात लावत नव्हता.

निवेदिताने अगदी सहज विचारलं, गौतमने गाडी कुठून हातात घेतली? वाटेतल्या तलावापासून, सचिन म्हणाला. तिथून बारा-पंधरा किलोमीटर तोच चालवत होता. नवीन होता, सारखे गियर बदलत होता. हे सांगताना सचिन जमिनीकडे बघत होता. नरहरींनी शब्द न् शब्द वहीत उतरवला.

अपघाताच्या जागेजवळ नत्थूचा चहाचा ठेला होता. आवाज ऐकून तो धावला होता, पण आदळताना त्याने पाहिलं नव्हतं.

"एक झन बइठे रहिस, दूसर सुते रहिस," तो म्हणाला. "बइठे वाला अपन जाकिट हेर के दूसर ला ओढ़ा दिस."

"स्वतः काढलं? खांदा मोडलेला असताना?"

"हव दीदी. चिल्लावत रहिस, फेर निकालिस."

एक पोरगा बसलेला, दुसरा आडवा पडलेला; बसलेला ओरडत होता, तरी त्याने जॅकेट अंगावेगळं केलं आणि दुसऱ्याला पांघरलं. दुसऱ्याचे फक्त पाय दिसत होते, नत्थू म्हणाला, पायात सफेद जोडे, एकदम उज्जर. ते जोडे नरहरींना माहीत होते. त्यांच्या बायकोने, मंदाकिनीने, अपघाताच्या चारच दिवस आधी पंडरीहून आणले होते. आपल्या मुलाच्या अंगावर कोणीतरी पांघरूण घातलं होतं, हे मात्र त्यांना आजच कळत होतं.

परतताना ते म्हणाले, "मंग दावा खराच आहे. जॅकेट कापलं नाही, कारण त्यानं ते आधीच काढलं होतं. झालं ना?"

निवेदिताने मान हलवली. मग तिने विचारलं, "काका, तुमच्या घरी गियरची गाडी कधी होती?"

"नाही जी. मी सायकलवाला. गौतम आईची स्कूटी चालवे. पण बाई, सचिनच्या बुटाचा डावा चवडा घासलेला आहे. गियरनं घासते म्हणतात. तोच चालवत होता काय?"

"ते वर्षभराचं घासणं आहे. गाडीच त्याची. त्यावरून त्या दिवसाचं काही कळत नाही," ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, "त्याच्या बुटावरून नाही कळत."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ढोमणे बापलेकांना कचेरीत बोलावलं. नरहरींना म्हणाली, तुम्ही घरी जा हवं तर. ते बसून राहिले.

"गुलाबरावकाका, तुमचा दावा खरा आहे," तिने सुरुवात केली. "मी तसंच लिहिणार आहे. सगळं सामान त्या सकाळी सचिनच्या अंगावर होतं आणि तेव्हाच खराब झालं. तुमच्या यादीत एकही खोटा शब्द नाही, आणि अडचण तिथेच आहे."

गुलाबरावांनी यादीची स्वतःकडची प्रत उघडली. अशी माणसं प्रत ठेवतातच.

"मला आधी एकच कोडं होतं. खऱ्या दाव्याचा मालक तो परत का मागतो? दुःखाने, असं वाटू शकतं. पण मग कलम सात वाचा. माणूस रस्त्यावर घसरला की हातमोज्याचा तळवा जातो, पाठ जाते. दोन बोटं आतून, एका पेरावर, आडवी कशी फाटतील? त्या बोटांनी काहीतरी आवळून धरलेलं असेल आणि ते मुठीतच मोडलं असेल तर. फोटोत ब्रेकची दांडी अर्ध्यात मोडलेली आहे. मागे बसलेल्याचा हात तिथे पोचत नाही. सचिन, उजवा हात दाखव."

सचिनने हात झोळीखालून काढला. दोन बोटांवर मधल्या पेराशी टाक्यांची गुलाबी रेघ होती.

"ते तर काचेनं कापलं म्हणाला होता," गुलाबराव पुटपुटले.

"गौतमनेही चालवली असेल आणि मग शेवटी सचिनने घेतली असेल, असं म्हणता येईल. पण तो काल म्हणाला, तलावापासून गौतमच, सारखे गियर बदलत. गियर वर टाकायला डाव्या पायाचा चवडा दांडीखाली घालून उचलावा लागतो. दरवेळी जोड्यावर काळा ओरखडा उठतो. आणि नत्थूला तर जोडे एकदम उजळ दिसले." तिचा आवाज हलका झाला. "काका, खण तुमचा आहे. नको असेल तर नको."

नरहरी उठले. किल्ली लावली, पिशवी टेबलावर ठेवली, टेप काढली. त्यांना वाटलं होतं, हे कधीच होणार नाही. डावा जोडा वरच होता. टाचेला माती होती, बाजूला एक तपकिरी डाग होता, पण चवडा दुकानातून आणल्यासारखा पांढरा होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

सचिन खाली बसला, फरशीवरच.

"मैं चला रहा था काका. एक गाय आ गई. पुलिस ने पूछा कौन चला रहा था, तो मुंह से उसका नाम निकल गया. सोचा, वो तो अब..." त्याने उजवा हात पुन्हा झोळीखाली सरकवला. "नौकरी चली जाती. केस होता तो वेरिफिकेशन में अटक जाता."

"तलावावर शिकला ना पण तो?" नरहरींनी विचारलं. एवढंच त्यांना हवं होतं.

"नहीं काका. मैंने बहुत बोला, चला के देख. बोला, अगले इतवार. नए जूते हैं, गियर से काले हो जाएंगे तो मम्मी चिल्लाएगी."

गुलाबरावांनी निवेदिताकडे कोरा कागद मागितला. चष्मा पुसला, समास सोडला आणि वर तारीख घातली.

"पोलिसाले जबाब दुरुस्तीचा अर्ज," ते लेकाला म्हणाले. "मी लिहितो, सही तू करशील. नरहरीभाऊ, तुमच्या पोराच्या नावावरचं एकही खोटं वाक्य राहू देणार नाही मी." त्यांचं अक्षर त्या दिवशी पहिल्यांदा वाकडं आलं.

नरहरी पिशवी घेऊन घरी निघाले. दारात क्षणभर थांबले, कारण मयताच्या अंगावरचं घरात आणत नाहीत. मग आत गेले.

मंदाकिनी परातीत वाटाणे सोलत होती.

"गौतम चालवत नव्हता," ते म्हणाले.

तिने वर पाहिलं. "मी हेच सांगत होती ना. त्याले गियरची गाडी येतच नव्हती. पहिल्याच दिवशी सांगितलं, पोलिसाले, तुमाले, साऱ्यायले. बाई रडून राहिली म्हणून कोणी ऐकलं नाही."

नरहरींना आठवलं. ती म्हणाली होती. त्यांनी ऐकलं नव्हतं, कारण ते दोन शब्द मध्ये उभे होते. आता ते त्यांनी सांगून टाकले. पेपर वाचत होतो, मान वर केली नाही, शिकून घे म्हणालो.

"मले माहीत आहे," मंदाकिनी म्हणाली. "त्यानंच सांगितलं. बाबा हो म्हणाले म्हणून रात्रभर खूश होता पोट्टा."

तिने पिशवीतून जोडे काढले, पदराने टाचेची माती पुसली आणि दाराशी, त्यांच्या चपलांच्या शेजारी नीट लावून ठेवले. नरहरी खाली बसले. परात पुढे ओढली, एक शेंग उचलली, पण ती सोलता येईना. दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांना दुखत होतं, छातीत, घशात, सगळीकडे, आणि मंदाकिनीने त्यांच्या हातातली शेंग काढून घेतली तेव्हा ते रडत होते.