उजेडातला खळगा

गोमती नगरातल्या एका संशोधन संस्थेत, तळमजल्यावर, नेत्रा निंबाळकरची प्रयोगशाळा होती. खिडक्यांना काळं कापड, मधोमध आरशांनी भरलेलं जड टेबल. डोळ्यांना न दिसणाऱ्या लेझरपासून प्रकाशाचा एकेक कण मिळवायचा, तो निरनिराळ्या कोनांतून मोजायचा आणि त्या मोजमापांतून संगणकावर त्याचं चित्र उभं करायचं, हे तिथलं काम. चित्र डोंगरासारखं येई. प्रयोग साधला, की डोंगराच्या ऐन माथ्यावर खळगा पडे, शून्याच्याही खाली जाणारा. साध्या उजेडात तसा खळगा कधीच दिसत नाही.

नेत्राची विद्यार्थिनी हिमानी हवाई दलातल्या मराठी घरची. मराठी सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीत. तिची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती. खळगा मिळाला नाही तर प्रबंध अडणार होता, आणि गेला आठवडाभर नुसता गुळगुळीत डोंगर येत होता.

"कुठंतरी उजेड गळतोय," नेत्रा म्हणे. दोघींनी आरसे पुसले, झाकणं बदलली, फटींना चिकटपट्ट्या लावल्या. एक गोष्ट मात्र नेत्राला खटकत होती. ती टेबलापाशी काही बोलली, की डोंगर किंचित तिच्या बाजूला सरके. टाळी वाजवली, खुर्ची ओढली, तरी ढिम्म हलत नसे. माणूस बोललं की सरके. कान दिल्यासारखा.

हे तिनं हिमानीला सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी हिमानीचा धीर सुटला. टेबलाच्या कडेला कपाळ टेकून ती पुटपुटली, "बस भी करो यार. दे दो ना मुझे."

पडद्यावरचा डोंगर थरथरला. माथा खचला. मधोमध खोल, काळा खळगा.

"मॅम!"

नेत्रानं पुन्हा मोजलं. आणखी एकदा मोजलं. खळगा होताच. तिच्या छातीवरची धोंड उतरली. हसता हसता डोळे भरून आले.

"सुटलीस गं बाई!" तिनं हिमानीला जवळ घेतलं.

हिमानी व्हरांड्यात धावली. "हाँ मम्मी, हो गया! सच में!" तिचा रडवेला, आनंदी आवाज आत येत राहिला.

नेत्रा गुणगुणत आवरू लागली. लेझर बंद करायला टेबलाखाली वाकली.

लेझरचा डबा थंडगार होता.

त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटमधून निघून फरशीवर पडली होती. तिच्यावर धूळ बसली होती, आठवडाभराची तरी.

वर संगणकावर मोजणी चालूच होती.