नऊ वेळा बघितलं

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कोणाच्या पाया पडून सांगणार नाही. पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय, आणि ज्यांच्या जिवावर बेतलं ते माझे बाबा आहेत. मी हे लिहितेय तेव्हा ते शेजारच्या खोलीत झोपलेत.

आणि रात्र-बित्र काही नव्हती. मंगळवार होता. दुपारी अडीच ते सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन. हॉस्पिटलचा तिसरा मजला, ऑपरेशन झालेल्या पुरुषांचा वॉर्ड.

आत्या त्या वॉर्डची मुख्य सिस्टर. सत्तावीस वर्षांची नोकरी. हाताला असा उरक की दोघींचं काम एकटी करायची, आणि तोंडही तेवढंच चालायचं. नवी मुलगी जरा रेंगाळली की म्हणायची, "पाय स्वतःचे आहेत ना, की भाड्याने आणलेत?"

वॉर्ड काटकोनात वळलेला. एक ते दहा पलंग सिस्टरच्या टेबलावरून दिसायचे. अकरा ते अठरा कोपऱ्यापलीकडे. तिकडचं बघायचं तर उठून जावंच लागायचं.

दीड वर्षापूर्वी तिथे नवी यंत्रणा आली. कृत्रिम बुद्धिमत्तेची. प्रत्येक रुग्णाच्या बोटाला चिमटा, छातीला पट्टी. नाडी, श्वास, ऑक्सिजन, सगळं ती चोवीस तास वाचायची. हजारो जुन्या रुग्णांच्या नोंदी तिला आधीच शिकवलेल्या. त्यामुळे माणूस बिघडणार असला की तासभर आधीच तिला सुगावा लागायचा.

मग सिस्टरच्या फोनवर हाक यायची. पलंग अमुक, जाऊन बघा.

सिस्टरने जायचं, रुग्णाला बघायचं, आणि फोनवर 'बघितलं' दाबायचं. तीन मिनिटांत कोणी दाबलं नाही तर हाक थेट डॉक्टरांकडे. दाबलं तर यंत्रणा गप्प. चार मिनिटांनी पुन्हा आकडे बघायची, तरी वाईट असतील तर पुन्हा हाक.

सिस्टर मंडळींनी तिचं नाव ठेवलं 'सासूबाई'.

सतत नजर, सतत हाका, आणि स्वतः जागची हलायची नाही. पण चेष्टा बाजूला ठेवा. पहिल्या वर्षात सासूबाईंनी चार-पाच जणांना मरणाच्या दारातून मागे ओढलं. आत्यासुद्धा ते कबूल करते.

तरी हाका फार. चिमटा सरकला, हाक. माणूस कुशीवर वळला, हाक. दिवसाला शंभर-शंभर. मग आत्याला सवय लागली. आधी दाबायचं, मग जायचं.

पुढे पुढे नुसतं दाबायचं.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते हेच. आणि एकटी आत्याच नव्हती. तिचं बघून सगळ्याच शिकल्या.

गेल्या वर्षी पलंग चौदावर एक म्हातारे शिंपी होते. पित्ताशयाचं ऑपरेशन. भला माणूस. आत्याच्या कोटाचं लोंबणारं बटण त्यांनी पलंगावर बसल्या बसल्या शिवून दिलं होतं. त्या दुपारी पाळी बदलत होती, आत्या टेबलावर कागदांत बुडालेली. फोन थरथरला. पलंग चौदा, जाऊन बघा.

तिने न बघता दाबलं. बघितलं.

अर्ध्या तासाने फरशी पुसायला गेलेल्या मावशी कोपऱ्यावरून परत आल्या. हातात पोछा तसाच.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "चौदा नंबरचे आजोबा हलत नाहीत..."

शिंपी गेले होते.

त्यांची मुलगी धावत आली. तिने एकच विचारलं, "शेवटी त्यांच्याजवळ कोणी होतं का हो?"

आणि आत्या खोटं बोलली. "मी स्वतः बघून आले होते गं. शांत झोपले होते."

शेजारच्या पलंगावर एक निवृत्त कंडक्टर होते. ते मान हलवून म्हणाले, "हो हो. सिस्टर आल्या होत्या की. इथे पायथ्याशी उभ्या होत्या. मी बघितलं ना."

आत्याच्या जिवात जीव आला. साक्षीदारच मिळाला.

मग एकदम तिच्या लक्षात आलं. त्या दुपारी ती कोपऱ्यापलीकडे गेलीच नव्हती.

तिने स्वतःची समजूत घातली. म्हातारा गुंगीत असेल. संध्याकाळी तिने नोंदी उघडल्या. चौदा नंबरसाठी सासूबाईंनी सात हाका मारल्या होत्या. सातही वेळा उत्तर गेलं होतं... आत्याच्या नावाने.

तिला आठवत होती एकच.

बाकीच्या सहा आपणच सवयीने दाबल्या असतील, असं तिने ठरवून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणी विचारलं नाही, ती बोलली नाही.

तीन महिन्यांनी बाबांच्या आतड्याचं ऑपरेशन निघालं. त्याच हॉस्पिटलात. आणि पलंग मिळाला सोळा. कोपऱ्यापलीकडचा.

इथे एक सांगायला हवं. आमची आजी गेली तेव्हा बाबा चार वर्षांचे होते आणि आत्या अकराची. त्यांना न्हाऊ-माखू घालणं, शाळेत सोडणं, सगळं तिने केलं. लग्नसुद्धा तिने त्यांचं आधी लावलं, स्वतःचं राहूनच गेलं. बाबा आता एकोणपन्नास वर्षांचे आहेत, तरी ती त्यांना 'सोन्या' म्हणते. बाबांना काही झालं असतं तर ती जगली नसती. हे मी उगाच म्हणत नाही.

आपल्या माणसाची ड्यूटी स्वतःकडे घ्यायची नाही, असा तिथला नियम. म्हणून सोळा नंबर धाकट्या सिस्टरकडे दिला होता. पण आत्याने हट्टाने ती हाक आपल्याही फोनला जोडून घेतली.

"माझ्या भावाची हाक मला आलीच पाहिजे," ती म्हणाली. आणि मनाशी ठरवलं, या पलंगाच्या एकेका हाकेला उठून जायचं. फुसकी असली तरी.

सोमवारी तशी ती अकरा वेळा गेली. बाबा हसायला लागले. "ताई, मला बघायला येतेस की पाय मोकळे करायला?"

मंगळवारी दुपारी मेट्रनबाईंनी तिला पहिल्या मजल्यावर बोलावलं. मीटिंग होती. मेट्रनबाई, दोन डॉक्टर, हिशेबनीस आणि यंत्रणा बसवणारा कॉम्प्युटरवाला. अर्धा तास हिशेबाचं बोलणं झालं, मग भिंतीवरचा मोठा पडदा लागला, त्यावर आत्याच्या वॉर्डचे अठरा पलंग. सगळे हिरवे.

आत्याने आपला फोन आल्या आल्या समोर टेबलावर ठेवला होता. पडदा वर करून. आवाज पूर्ण मोठा.

कॉम्प्युटरवाला खुशीत होता. "या आठवड्यापासून आणखी एक सुधारणा केली आहे. पलंगापासून दोन हातांच्या आत फोन असल्याशिवाय 'बघितलं' नोंदवलंच जाणार नाही. म्हणजे टेबलावरून दाबायची सोयच नाही."

मेट्रनबाई म्हणाल्या, "आमच्या या बाईंना त्याची गरज नाही. हाकेला सगळ्यात झटपट उत्तर यांचंच असतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने मान खाली घातली.

तेवढ्यात पडद्यावर पलंग सोळा पिवळा झाला.

आत्याची नजर फोनवर गेली. फोन गप्प.

पडद्यावर सोळा नंबरखाली अक्षरं उमटली. जाऊन बघा. आणि दोनच सेकंदांत त्याच्याखाली...

बघितलं. पुढे आत्याचं नाव.

पलंग परत हिरवा.

"बघा," हिशेबनीस म्हणाले, "बोलता बोलता उत्तर आलं."

कोणाच्या लक्षात आलं नाही. नाव बारीक अक्षरांत होतं. पण आत्याने वाचलं होतं. वाचण्यात आपलीच चूक झाली असेल, असं तिला वाटलं. चष्मा पुसावा म्हणून तिने काढला, घातला.

चार मिनिटांनी पलंग सोळा पुन्हा पिवळा.

जाऊन बघा.

बघितलं. तेच नाव.

फोन तिच्यासमोर होता. पाच माणसांच्या मधोमध. त्याला कोणाचं बोट लागलेलं नव्हतं.

खुर्ची मागे पडली ती तिने उचलली नाही. लिफ्टची वाट बघितली नाही. दोन मजले जिन्याने, छप्पन्न वर्षांची बाई. फोन टेबलावरच राहिला.

वॉर्डात धाकटी सिस्टर तीन नंबरच्या पलंगाशी सलाईन लावत होती.

"सोळाला कोण गेलं होतं?" आत्याने धापा टाकत विचारलं.

"तुम्हीच ना," ती म्हणाली. "मघापासून सारखं तुमचंच नाव येतंय. म्हटलं, आहेत तिथे, मग मी कशाला जाऊ..."

आत्या कोपऱ्यावरून वळली.

तिथे शांतता होती. खिडकीतून ऊन आलं होतं. सतराव्या पलंगावरचा माणूस भिंतीकडे तोंड करून घोरत होता.

बाबा पांढरे पडले होते. ओठ निळे. कपाळावर घाम. पोट फुगून टणक झालेलं. पण डोळे उघडे होते.

ते पायथ्याकडे बघत होते.

तिथे कोणी नव्हतं.

"सोन्या," आत्या म्हणाली.

बाबांची नजर हळूहळू तिच्यावर आली. आणि तिला बघून ते घाबरले. आत्या सांगते, चार वर्षांचा असल्यापासून त्याने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. ती हात लावायला गेली तर त्यांनी जेवढं अंग हलत होतं तेवढं मागे घेतलं.

आत रक्तस्राव होत होता. तासाभरात परत ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं गेली असती तर हाती काही लागलं नसतं. बाबा वाचले.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाल्याने नोंदी काढल्या. सोळा नंबरला नऊ हाका. अगदी पहिली हाक पावणेतीनच्याही आधीची, म्हणजे सासूबाईंनी वेळेत ओळखलं होतं. नऊ वेळा 'बघितलं'. आत्याच्या फोनवरून, पलंगापासून दोन हातांच्या आतून.

"फोन तर मीटिंगमध्ये होता," मेट्रनबाई म्हणाल्या.

त्याने नोंदी तीनदा तपासल्या. मग म्हणाला, "काहीतरी गडबड असेल." आणि बॅग आवरून गेला.

आत्याने त्याच दिवशी मेट्रनबाईंना शिंप्याचं सगळं सांगून टाकलं. लेखी दिलं. मग त्या मुलीच्या घरी गेली आणि दारात उभं राहूनच म्हणाली, "मी गेले नव्हते गं तुझ्या वडिलांजवळ. खोटं बोलले." मुलीने ऐकून घेतलं आणि दार लावलं. आत्याची त्यावर काही तक्रार नाही. नोकरी तिने स्वतःच सोडली.

बाबा घरी आले. पण आत्या खोलीत आली की ते कूस बदलायचे. आठ दिवस एक शब्द नाही. आई म्हणायची, अशक्तपणा आहे, होईल ठीक. आत्या आपली दाराबाहेर स्टूल टाकून बसायची. जेवायला बोलावलं तरी उठायची नाही.

नवव्या दिवशी बाबांनीच तिला आत बोलावलं. मी तिथेच होते, गोळ्या काढून देत होते.

"ताई, बस," ते म्हणाले. "उभी राहू नकोस. बसून बोल."

ती पलंगाच्या कडेला टेकली.

"त्या दिवशी पोटात कळ आली आणि मला बोलता येईना. तेवढ्यात तू आलीस. मला वाटलं, सुटलो. तू पायथ्याशी उभी राहिलीस, माझ्याकडे बघितलंस... आणि गेलीस. मग परत आलीस. परत बघितलंस. मी हात उचलायचा प्रयत्न करत होतो ताई. तुला दिसत होता माझा हात."

आत्या रडायला लागली. "सोन्या, ती मी नव्हते रे. मी खाली होते."

"माहीत आहे मला. शेवटी तू धावत आलीस ना, तेव्हा कळलं. तुझे केस विस्कटलेले होते, दम लागला होता. त्या आधीच्या बाईला दम लागत नव्हता." त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. "पण तोंड तुझंच होतं गं. मला अजून तुझ्याकडे बघवत नाही. दे थोडे दिवस."

आत्याने डोळे पुसले. मग म्हणाली, "कशी बघत होती रे ती? रागाने?"

"नाही."

"मग?"

बाबा खिडकीकडे बघत होते.

"घाईत होती," ते म्हणाले.

मी गोळ्या तशाच ठेवून बाहेर आले. मला तिथे थांबवेना.

संध्याकाळी आत्या घरी जायला निघाली. मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. चपला घालता घालता ती थांबली.

"दीड वर्षात मी किती वेळा नुसतं दाबलं असेन गं?" तिने विचारलं. "रोज वीस? तीस? तेवढ्या वेळा ती कोणाकोणाकडे जाऊन उभी राहिली असेल."

मी म्हटलं, आत्या, असा विचार करू नकोस. दुसरं काय म्हणणार?

ती जिना उतरून गेली. मी कठड्याला धरून तिथेच उभी राहिले. मागे खोलीतून बाबांनी मला हाक मारली. मी "आले" म्हणाले, आणि लगेच गेले.