पहिलं क्रियापद

शहाद्यात एकोणीसशे एकसष्ट साली फ्रेंच बोलणारी माणसं दोनच, आणि ती दोघंही एकाच छपराखाली राहायची: ढेप-सरकीचे व्यापारी पन्नालालशेठ आणि त्यांची बायको भूरीबाई. गावाला याचा पत्ता नव्हता. शेठ तरुणपणी मोत्यांच्या एका पेढीवर पॅरिसला नोकरीला होते. दिवसभर खिडकीशी बसून मोती निवडायचे. तिकडे लढाई पेटली तसे ते परत आले, लग्न केलं आणि मोत्यांऐवजी गुरांची ढेप विकायला बसले. नशिबाचे खेळ, दुसरं काय!

भूरीबाईला फ्रेंच येऊ लागलं ते सासूच्या कृपेनं. तीजाबाई घरात असताना सुनेनं नवऱ्याशी बोलायचं म्हणजे महापाप. घुंगट हनुवटीपर्यंत आणि तोंडाला कुलूप. मग शेठनी युक्ती काढली. जेवायला बसले की पुटपुटल्यासारखा एकेक फ्रेंच शब्द सोडायचे. आधी मीठ, मग पाणी, मग आज किती छान दिसतेस. भूरीबाई मुळात हुशार. वर्षभरात तीही घुंगटाआडून उत्तरं देऊ लागली. तीजाबाईंची समजूत अशी की, मुलगा मोती मोजायचा मंत्र म्हणतोय आणि सून त्याला हुंकार देतेय. मंत्राला कोण अडवणार? त्या दोघांनी म्हातारीच्या नाकासमोर लाडही केले आणि कडाक्याची भांडणंही केली.

शिकवणी दुपारची. जेवणं आटोपली की तीजाबाई माळ घेऊन आतल्या खोलीत डुलक्या काढायच्या. दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या असायच्या. वैशाखाचा उजेड फटींतून आत यायचा आणि त्यात कापसाची बारीक तुसं तरंगत राहायची. जिनिंग बंद होऊन महिना उलटला तरी शहाद्याच्या हवेतून कापूस काही जात नाही. पोत्यांतून ढेपेचा गोडसर तेलकट वास यायचा. त्या गुंगीत भूरीबाई गव्हातले खडे निवडत क्रियापदं चालवायची. सगळं तोंडी. कागद म्हणून कधी लागला नाही.

एका दुपारी तिनं विचारलं, आता कुठलं रूप राहिलं? शेठ म्हणाले, राहिलंय एक, पण ते राहू दे. त्याला सुब्झाँक्तिफ एँपार्फे म्हणतात. आता तिथलेसुद्धा बोलत नाहीत, जुन्या पुस्तकांत तेवढं उरलंय. झालं! राहू दे म्हटल्यावर भूरीबाई गप्प बसते होय? तिनं गव्हाचं सूप खाली ठेवलं आणि शेठकडे टक लावून बघत बसली.

शेवटी शेठनी सांगितलं. आपण मराठीत 'यावा', 'जगावी' म्हणतो ना, तसलंच रूप, पण मागच्या काळातलं. तो यावा असं मला वाटत होतं. आला की नाही, ते हे वाक्य सांगत नाही.

"अट एकच," ते म्हणाले. "पहिलं क्रियापद भूतकाळात लागतं. वाटत होतं, हवं होतं. ते वाटणं संपलेलं पाहिजे, मगच पुढचं रूप लागतं."

हे रूप त्यांनी तिथल्या घरमालकिणीच्या तोंडून ऐकलं होतं. तिचा मुलगा आधीच्या लढाईतून परतला नव्हता. रोज जेवताना ती म्हणायची, मुलगा यावा असं मला वाटत होतं. शेठ इतकी वर्षं तिथे राहिले, मुलगा त्यांना कधी दिसला नाही. पण पाऊस असला की बोळात एक जास्तीची छत्री ठिबकत उभी असायची.

भूरीबाईनं विचारलं, "आणि ती बाई?"

"ती फार शांत होती," शेठ म्हणाले आणि पाणी प्यायला उठले.

सात वर्षांपूर्वी भूरीबाईला मुलगी झाली होती. ती रडलीच नाही. दाईनं फडक्यात गुंडाळून तिला बाहेर नेलं, आणि त्या दिवसापासून घरात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. दुसरं मूल झालं नाही. घुंगटाचा उपयोग त्या वर्षी भूरीबाईला पहिल्यांदा कळला, आत रडलं तरी कुणाला दिसत नाही. ती मुलगी तिला हवी होती. रोज, भाकरी थापताना, पाणी भरताना हवी होती, आणि हे ती शेठशी फ्रेंचमध्येसुद्धा बोलली नव्हती.

ती नवं रूप घोकू लागली. क ज फ्यूस, क त्यू फ्यूस, किल फ्यू. ओठांचा चंबू करून, गरम दुधावर फुंकर घालावी तसं. मग तिनं 'जगणे' मागितलं. शेठ म्हणाले, वेक्यू. तिनं खडा टाकला आणि वाक्य जुळवलं: ज वूलॅ केल वेक्यू. ती जगावी असं मला वाटत होतं. धडा म्हणून म्हणाली, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी. मन गव्हात होतं.

दुसऱ्या दिवशी बांगड्यांची पेटी घेऊन कमलीबाई आली. भूरीबाईला बांगड्या भरून झाल्या, तरी कमलीबाई उठेना. पेटीच्या तळातून तिनं लहान बांगड्यांचा जोड काढला.

"हाई ल्या, तुन्ही पोरन्या. तिना हातनं माप मन्हा ध्यानमा शे."

ही घर चुकली असणार, असं वाटून भूरीबाईनं भिडेपोटी त्या ठेवून घेतल्या. मग गच्चीवर मुगाच्या मंगोड्या वाळत घालताना तीजाबाई सहज म्हणाल्या, पोरीला उन्हात जाऊ देऊ नको, बिनणी. पुढे कधीतरी फणीत लांब, बारीक, काळेभोर केस निघाले. भूरीबाईचे तर पिकायला लागलेले. एकदा पाणियाराच्या माठांपासून दुकानापर्यंत ओली छोटी पावलं उमटलेली दिसली, आणि ती बघत असतानाच वाळून गेली.

तिला भीती वाटायला हवी होती. पण त्या दुपारच्या वेळाच अशा असत की कशाचंच नवल वाटायचं नाही.

आणि एका दुपारी मुलगी ढेपेच्या पोत्यावर बसलेली होती. पाय हलवत गूळ खात होती. डावा कान वरून दुमडलेला, थेट शेठसारखा.

"जमना, सांडू नको," शेठ तराजूवरून नजर न काढता म्हणाले.

ही कधीपासून, भूरीबाईनं फ्रेंचमध्ये विचारलं. पहिल्यापासून, शेठनी फ्रेंचमध्येच उत्तर दिलं. आणि तोललेलीच ढेप पुन्हा तोलायला घेतली.

पावसाळाभर जमना घरात होती. शाळेत गेली, पडली, गुडघा फोडून घेतला, आजीच्या माळेचे मणी मोजून देऊ लागली. भूरीबाई तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघायची. सरळ बघायची छाती होत नव्हती.

दिवाळीच्या सकाळी ती जमनाच्या डोक्याला तेल लावत होती. ऊन अंगणात आलं होतं. त्या केसांचा, तेलाचा वास आला. तिनं मुलीला छातीशी कवटाळलं.

"मला तू हवी आहेस," ती म्हणाली. "हवी आहेस मला."

मिठी रिकामी झाली. तळहातांना तेल तेवढं राहिलं.

तीजाबाई माळ ओढत होत्या. भूरीबाईनं विचारलं, जमना कुठे? कोण जमना, त्या म्हणाल्या. ती अनवाणी कमलीबाईच्या घरी धावली. कमलीबाईनं तिच्याकडे काळजीनं पाहिलं.

"कोनी पोर, बाई?"

फक्त शेठना माहीत होतं. दुकानाच्या उंबऱ्यावर ते डोकं धरून बसले होते. "तू 'आहे' म्हणालीस," एवढंच ते बोलले.

त्या दिवसापासून भूरीबाई ते वाक्य घोकत राहिली. चुलीपाशी, गोमाई नदीच्या काठावर धुणं आपटताना. काही झालं नाही. होणार कसं? जीभ 'होतं' म्हणायची आणि काळीज 'आहे' म्हणायचं. शेठनी हात जोडले. असू दे, भूरी, आपण दोघं आहोत ना, म्हणाले. त्यांना ती घरमालकीण आठवत असणार. पण भूरीबाई हट्टाला पेटली होती. मुलगी जगायला हवी असेल, तर आपलं हवं असणं संपवायचं, एवढं तिला कळलं होतं.

तिनं ते संपवायला घेतलं. रस्त्यावर मुलं दिसली की मान वळवायची. त्या लहान बांगड्या तिनं देऊन टाकल्या. आठवण आली की डाळ निवडायला बसायची. रडणं बंद केलं, मग हसणंही आपोआप बंद झालं. कापसाच्या गाड्या आल्या, जिनिंगचा भोंगा वाजू लागला, हवा पुन्हा तुसांनी भरली.

मग एका दुपारी डाळ निवडताना जुना धडा सहज ओठांवर आला. ज वूलॅ केल वेक्यू. त्यात तिचं लक्षही नव्हतं.

"मां, भूक लागली," मागून आवाज आला.

भूरीबाईनं वळून पाहिलं नाही. ताट पुढे सरकवलं.

जमना राहिली. शाळेत पहिली आली. उंच झाली. बाजारातले लोक शेठना म्हणायचे, मुलगी गुणाची आहे हो. शेठ मान हलवायचे. जेवताना पुटपुटणं त्यांनी सोडून दिलं होतं, कारण समोरून उत्तर येत नसे.

दहावं वर्ष संपलं त्या वैशाखात जमना वेणी घालून घेत होती. दुकानात शेठ तोलत होते. तिनं मान न हलवता विचारलं, "मां, मी तुला हवी आहे ना?"

तराजू थांबला.

"हवी होतीस," भूरीबाई म्हणाली.

तिला त्यासाठी काही गिळावं लागलं नाही, ओठ चावावा लागला नाही. जमनानं समाधानानं मान डोलावली.

शेठ दुकानातून भूरीबाईकडेच बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी कशाला आलंय, ते तिला कळेना. तिनं रिबिनीची गाठ घट्ट केली, मुलीची मान दुसऱ्या बाजूला वळवली आणि जांभई दिली.