पोचूचं लॉगिन

ही गोष्ट खरी आहे. बनवून सांगायची असती, तर राजदीपनं त्यात स्वतःला थोडं तरी बरं दाखवलं असतं.

मे महिना. गडचिरोलीतल्या एका बांबू संस्थेचं ऑफिस. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आणि सर्व्हरची मेमरी चढत होती...

सगळ्या डेपोंतल्या माणसांची नावं नि पासवर्ड या एका डिरेक्टरी सर्व्हरवर. तो अडला की कुणाचंच लॉगिन होत नाही. तो सांभाळायचं काम राजदीपचं.

त्यानं रीस्टार्ट केला. मेमरी उतरली.

पुन्हा चढली.

मग त्यानं नोंदी उघडल्या. एकच नाव... पोचू मडावी. कुरखेड्यापलीकडच्या डेपोचा चौकीदार. पासवर्ड चुकत होता आणि तो लगेच परत येत होता. परत. परत. दर वेळी एक जोडणी उघडीच राहत होती आणि मेमरी खात होती.

माणसाची बोटं इतकी भरभर चालत नाहीत, हे राजदीपला कळलं होतं. पण साहेब डोक्यावर उभे होते. त्यानं पोचूचं खातंच बंद केलं.

मेमरी झपकन खाली. साहेबांनी पाठ थोपटली आणि राजदीपला चेव आला.

"पासवर्ड याद नाई राह्यत, आन् याले कॉम्प्युटर पाहिजे! बांबूच मोज म्हणा बाप्पा."

सगळे हसले.

हजेरी बघणारी माधवी हसली नाही.

"काऊन हसता भाऊ? पोचूदादा कालपासून घरी नाई गेला. त्याची बायको सकाळपासून फोन करून राह्यली."

राजदीपनं धडपडत खातं उघडलं. वाट पाहिली...

काहीच आलं नाही.

माणसं पाठवली. पोचू डेपोतच पडला होता, टेबलाखाली. पायाला साप चावलेला. डॉक्टर म्हणाले, हा आदल्या रात्रीच गेला.

मग दुपारी कोण होतं?

राजदीपनं नोंदीतलं मशीनचं नाव पाहिलं. पोचूच्या डेपोतलाच कॉम्प्युटर. त्या डेपोत मोबाईलला रेंज नाही. खबर द्यायची तर तेवढा एक कॉम्प्युटर. आणि तो होळीपासून राजदीपच्याच कपाटात होता... वायरी गुंडाळून. आज करतो, उद्या करतो म्हणत दुरुस्तीला पडलेला.

चार दिवसांनी पोचूची बायको सोमारी ऑफिसात आली.

"भाऊ, तुमच्या मशीनीनंच खबर देल्ली म्हणतेत. तुमी होते म्हणून माहा माणूस सापडला."

ती पायाशी वाकली. राजदीपला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं सांगून टाकावं, असं ओठापर्यंत आलं होतं.

"बाई, बसा. पाणी घ्या," एवढंच तो म्हणाला.

पोचूचं खातं त्यानं अजून काढलेलं नाही. दुपारी सगळे जेवायला गेले की तो एकटाच मेमरीचा आकडा बघत बसतो. चढावी म्हणून...

आजवर चढली नाही.